ऑर्गनच्या शेवटावर लिहिलेला खेळ

मित्रांनो, मी साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे. अर्धा तास एका बाजूला, अर्धा तास दुसऱ्या बाजूला. माझी दुसरी बाजू कोरीच राहिली, तेव्हा खरे तर माझे आयुष्य अर्ध्या तासाचेच. पण त्या अर्ध्या तासापायी एका घरातली सख्खी भावंडे जवळजवळ चाळीस वर्षे एकमेकांशी बोलली नाहीत.

माझ्या पोटात प्लास्टिकची एक लांबलचक फीत आहे आणि तिच्या एका अंगाला तपकिरी लेप आहे. लोखंडाला गंज चढतो ना, त्याच जातीची ती बारीक पूड. तिचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा चुंबक. हे कण कोणत्या दिशेला वळले आहेत, त्यावरून एका यंत्राला माझ्यात गाणे सापडते आणि दुसऱ्याला आकडे. कणांना त्यातला फरक कळत नाही. मलाही कळत नव्हता. माणसांना मात्र तो फार कळत होता.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही, कारण आपला जन्म कुणालाच आठवत नसतो. माझी आठवण सुरू होते ती कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, खाडीकाठच्या ला बे गावात. तिथल्या औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी मी टांगलेली होते. रोझेरने मला काढून घेतले आणि कोटाच्या खिशात टाकले.

रोझेर अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात पाळीवर जाई आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. पण त्याचा जीव होता प्रोगमध्ये. प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. त्यातले एकेक गाणे वीस-वीस मिनिटे चालते. मधेच ताल बदलतो, वाद्ये बदलतात, आपण कुठे आलो हेच ऐकणारा विसरतो, आणि मग शेवटी सुरुवातीचा सूर मोठा होऊन परत येतो. जगात इतरत्र या संगीताची हवा ओसरली, तरी आमच्या प्रांतात ते घरोघरी वाजत होते. रोझेर आणि त्याचा ड्रम वाजवणारा मित्र गाएताँ चर्चच्या माडीवर सराव करत. पाद्रीबुवा डोळेझाक करत, कारण फुकटात ऑर्गन वाजवणारा दुसरा कुणी गावात नव्हता.

घरात आई होती आणि धाकटी बहीण गिलेन होती. गिलेन रोझेरपेक्षा आठ वर्षांनी लहान, कॉलेजात गणित शिकणारी. तिला हे संगीत अजिबात पसंत नव्हते, आणि नापसंती गिळून टाकायची त्या घरात पद्धत नव्हती. स्वयंपाकघरातल्या फळीवरून मी रोज ऐकायची.

“तीन मिनिटांत संपतं ते गाणं नाही,” रोझेर म्हणे. “ती दारावरची घंटा.”

“आणि तुझं गाणं सुरू झालं की माणूस वाटाण्याचं सूप पिऊन, भांडी घासून परत येतो, तरी तुझा गाएताँ बडवतोच आहे.”

“तुला सात मात्रांचा ताल कळत नाही, त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक?”

“सात मोजता येतात मला. गणित शिकते मी. कंटाळाही मोजता येतो.”

“आधी तोंडातला घास संपवा,” आई म्हणे. “मग एकमेकांना खा.”

एका हिवाळ्यात गिलेनने घरात संगणक आणला. कळफलकातच सगळा मावलेला, टीव्हीला जोडायचा. त्याला स्वतःची स्मरणशक्ती जवळजवळ नव्हतीच. बंद केला की सगळे विसरायचा. म्हणून त्याच्यासोबत एक छोटा रेकॉर्डर मिळे. संगणकात जे लिहिले ते आवाजाच्या रूपाने साध्या कॅसेटवर उतरवायचे आणि पुन्हा लागेल तेव्हा तिच्यावरून वाचायचे. त्या रेकॉर्डरला ध्वनिवर्धक नव्हता. कॅसेटवर काय आहे ते ऐकायची सोयच नव्हती, कारण संगणकाच्या किंकाळ्या ऐकून माणसाला काय कळणार? हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागेल.

त्या काळी मासिकांत खेळ छापून येत. खेळ म्हणजे चित्रे नव्हेत, पानेच्या पाने नुसते आकडे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बटणे दाबायची. एक आकडा चुकला तरी खेळ सुरू होत नसे. संगणकावर कितीही राग असला तरी वाचायला रोझेरच बसे, कारण आईला चष्मा लागत होता आणि गाएताँ मधले आकडे गाळत असे.

“एकशे एकोणसत्तर. शून्य. एकशे एक्केचाळीस. बत्तीस...”

“हळू! प्रवचन देतोयस का?”

“माझा आवाजच असा आहे. देवाला आवडतो तो.”

“देवाला टाइप करावं लागत नाही.”

थोडे झाले की तो वाचता वाचता थांबे आणि आपले मत देई. “या डब्याला दोनच गोष्टी कळतात. हो आणि नाही. यातून कधी संगीत निघेल का?”

“तुझ्या ऑर्गनला किती कळतात?” गिलेनने एकदा विचारले. “पट्टी जोरात दाब नाहीतर हळू दाब, नळी तेवढीच वाजते. वारा आत जातो किंवा जात नाही. हो आणि नाही.”

रोझेरने पुन्हा पानावर बोट ठेवले. मग म्हणाला, “पुढचा आकडा घे.”

माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कोणते, असे विचाराल तर मी हेच सांगेन. तेव्हा मी कोरीच होते.

मग गाएताँला दूर पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर काम मिळाले. जाण्याआधी एकदा सगळे वाजवून ठेवू, असे दोघांनी ठरवले. रोझेरने एक लांब रचना केली होती. आमची खाडी हिवाळ्यात गोठते. लोक तिच्यावर लाकडी खोपी ओढून नेतात आणि बर्फाला भोक पाडून आत बसून मासे धरतात. वसंतात तो बर्फ फुटतो. रचना त्या फुटण्याची होती. आधी थंड, सपाट सूर, मग सात मात्रांत तडकणारा ताल, आणि शेवटी मोकळे पाणी.

चर्च गरम ठेवणारी भट्टी बंद होती. गाएताँने ड्रमवर घोंगडी टाकली होती, रोझेरने बोटे कापलेले हातमोजे घातले होते. घरचा मोठा टेपडेक त्यांनी बाकावर ठेवला आणि मला आत बसवले. शेवटचा भाग रोझेरने लिहिलेलाच नव्हता. तिथे पोचल्यावर बघू, असे तो म्हणाला होता. आणि तिथे पोचल्यावर ते झाले. गाएताँने काड्या खाली ठेवल्या. ऑर्गन एकटाच वर चढत गेला, तीन सूर एकमेकांना धरून, आणि सगळ्यात वरचा सूर असा काही सुटला की माझ्या कणांना वळताना पहिल्यांदाच आपण काहीतरी धरून ठेवतो आहोत असे वाटले. मग शेवटचा दीर्घ नाद, आणि मग रिकामे चर्च.

“हे काय वाजवलंस?” गाएताँने विचारले.

“काय माहीत,” रोझेर म्हणाला. त्याचे हात अजून पट्ट्यांवर होते. “या हातांना विचार.”

डेकवर तीन आकड्यांचा एक गणक होता. फीत पुढे जाईल तसे आकडे फिरत. संगीत संपले तेव्हा तिथे ३८० होते. रोझेरने माझ्या लेबलवर ३८० लिहिले आणि खाली रेघ मारली. माझ्या पाठीवर प्लास्टिकच्या दोन छोट्या जिभा असतात. त्या मोडल्या की माझ्यावर पुन्हा काही लिहिता येत नाही. रोझेरने त्या मोडल्या नाहीत. अजून पाच-सहा मिनिटे जागा होती, पुढे कधी काही सुचेल म्हणून त्याने ती ठेवली.

त्यानंतर माझे फार कौतुक झाले. आईने मला शेजारणींना ऐकवले. कारखान्यात जेवणाच्या सुटीत मी वाजले. पण मला सर्वांत जास्त वेळा ऐकले गिलेनने, रोझेर पाळीवर गेला की. पूर्ण रचना ती ऐकत नसे. शेवट लावी, थांबवी, मागे नेई, पुन्हा लावी. समोर कागद असे आणि ओठ हलत असत. एकदा आईने विचारले, “तुला कंटाळा येतो ना याचा?” गिलेन म्हणाली, “मधल्या भागाचा येतो. याचा नाही. त्याला सांगू नकोस.”

ती त्याच्या वाढदिवसासाठी खेळ बनवत होती. खाडीवर एक माणूस आहे, बर्फ फुटतो आहे, आणि त्याला तुकड्यातुकड्यांवरून उड्या मारत काठावरच्या चर्चपर्यंत पोचायचे आहे. तुकडे सात मात्रांत हलत. जो चर्चपर्यंत पोचेल त्याला तिथे रोझेरचा शेवट ऐकू येई, तोच, सुरामागून सूर, संगणकाच्या तीन बारीक आवाजांत. दोघांची भांडणे जिथे होती तिथेच तिने त्याला भेट द्यायची ठरवली होती. संगीत संपल्यावर उरलेल्या जागेत, त्याच्याच कॅसेटवर, ती हा खेळ उतरवणार होती.

तिने मला आपल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये घातले. लेबल वाचले. ३८० पर्यंत नेले, सावधगिरी म्हणून आणखी थोडे पुढे नेले, आणि दोन बटणे दाबली.

मित्रांनो, दोन माणसे एकाच रस्त्याने चालली तरी त्यांची पावले सारखी भरत नाहीत. गणकांचेही तसेच असते. प्रत्येक यंत्राची दातेरी चाके वेगळी. रोझेरच्या डेकवरचे ३८० म्हणजे रिकामे चर्च. गिलेनच्या रेकॉर्डरवरचे ३८० म्हणजे ऑर्गन नुकताच वर चढायला लागला होता. रेकॉर्डरला ध्वनिवर्धक असता तर तिला लगेच कळले असते. मी सगळे ऐकत होते आणि मला ओरडता येत नव्हते.

वाढदिवसाला गाएताँ पश्चिमेकडून आलेला होता. आईने साखरेचा केक भाजला होता. केक कापण्याआधी गाएताँच म्हणाला, “आधी आमचा बर्फ फोड!” रोझेरने मला डेकमध्ये घातले. गिलेन दाराशी उभी होती, चेहरा लाल, हसू दाबत. संगीत संपले की किंकाळी सुरू होईल, सगळे दचकतील, आणि मग ती सांगेल की आता हीच कॅसेट माझ्या यंत्रात घाला.

किंकाळी संगीत संपण्याआधीच आली.

“हे काय आहे?” रोझेरने विचारले.

गिलेनचे हसू जागच्या जागी थिजले. तिची नजर लेबलवर गेली, मग डेकच्या गणकावर. तिला तेवढ्यातच सगळे कळले.

“तुझ्या डेकचा आकडा... माझ्या रेकॉर्डरचा...”

“माझ्या गाण्यावर तू काय ओतलंस?”

“खेळ आहे. तुझ्यासाठीच केलाय, रोझेर.”

“खेळ!”

“अरे, तुझ्या सोलोपेक्षा बरा वाजतोय,” गाएताँ म्हणाला. कुणी हसले नाही. मी किंकाळत राहिले. रोझेर डेकसमोर वाकून बसला होता. मधेच कुठे तरी ऑर्गन परत येईल, अशी त्याला आशा होती.

“पुन्हा वाजव ना,” आई म्हणाली. “चर्च तिथेच आहे, तू इथेच आहेस.”

“काय वाजवू? मी काय वाजवलं ते मलाच माहीत नाही!”

“एकदा खेळून बघ,” गिलेन म्हणाली. “शेवटपर्यंत खेळ. मग मला काय बोलायचं ते बोल.”

“तुझ्या त्या डब्याला पुन्हा हात लावीन तर शपथ आहे मला.”

एक वाक्य पुरले असते. तुझा शेवट त्यातच आहे, एवढेच. मी वाट बघत होते. पण गिलेनला त्या क्षणी काय वाटले असेल ते मी नंतर पुष्कळदा विचार करून पाहिले आहे. ज्याचा ऑर्गन पुसला गेला त्याला त्याच्या बदल्यात तीन बारीक पिपाण्या पुढे करायच्या? तो हसेल, आणि ते हसणे तिला सोसणार नव्हते. ती बोलली नाही. किंकाळी संपायला थोडीच उरली होती, तेव्हा रोझेरने डेक थांबवला आणि मला ओढून बाहेर काढले. फीत आत अडकलेली होती. ती चुरगळली. माझ्या अंगावरची ती घडी अजून आहे.

त्याच आठवड्यात गिलेनने घरात असलेली खेळाची दुसरी प्रत पुसून टाकली. मग ती मॉन्ट्रियलला निघून गेली आणि संगणकाचेच काम करू लागली. आईच्या अंत्यविधीला दोघे एकाच बाकावर बसले होते म्हणे, मधे कोट ठेवून. चर्च पुढे बंद झाले. ऑर्गनच्या नळ्या कुणी कुठे नेल्या कळले नाही. आता त्या इमारतीत माणसे कमरेला दोऱ्या बांधून भिंती चढतात आणि त्याचे तिकीट काढतात. मी तळघरात एका खोक्यात पडले होते. थंडी, ओल, पुन्हा थंडी. माझा लेप सुटू लागला. गाण्याचा एखादा कण पडला तर ऐकणारा सांभाळून घेतो. आकड्यांचे तसे नाही, तिथे एक कण पडला तरी सगळे वाक्य पडते. म्हणून मला गाण्यापेक्षा खेळाचीच काळजी जास्त वाटे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर रोझेरने शेवटी संगणक घेतलाच. तो माझ्या खोक्याशेजारीच मांडला आणि इंटरनेटवर स्वतःचे एक पान सुरू केले. त्यावर तो मते लिही. दोन बोटांनी, मोठ्याने वाचत, जणू कुणी समोर बसून टाइप करते आहे.

“संगणक. उपयोगी, पण गर्विष्ठ. चूक त्याची असली तरी माफी आपणच मागायची.”

“प्रोग. दहापैकी अकरा.”

“व्हिडिओ गेम. यांनी एका माणसाचं गाणं खाल्लं. याहून जास्त मला काही म्हणायचं नाही.” आणि मग तो आणखी तीन पाने लिही.

त्याचे पान फारसे कुणी वाचत नसे. एकच वाचक नेमाने उत्तर देई, नाव न लावता, आणि तेही फक्त चुका काढायला. “तो ताल अकरा मात्रांचा नाही, तेरा मात्रांचा आहे. पुन्हा मोजा.” रोझेर तळघरात एकटाच संतापे, “कोण हा शहाणा!” मग रेकॉर्ड लावी, बोटांवर मोजी, आणि गुपचूप अकराचे तेरा करी. वर्षानुवर्षे हे चालले.

एका शरद ऋतूत त्याने हळू आवाजात वाचत लिहिले, “उजवा कान गेला. डाव्यात वरचे सूर येत नाहीत. डॉक्टर म्हणतात, खालचेही जातील. तरुणपणी ध्वनिवर्धकांच्या पुढ्यात उभा राहायचो, त्याचं फळ. यापुढे या पानावर संगीताची मतं जुन्या आठवणीवर दिली जातील.”

त्याच आठवड्यात जिन्यावर दोन माणसांची पावले वाजली.

“तेरा मात्रा,” रोझेर म्हणत होता. “ती तूच?”

“मग काय. तू आयुष्यभर अकराच मोजत बसला असतास.”

“मोठ्यानं बोल. डावीकडून.”

गिलेनचे केस पांढरे झाले होते. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “कॅसेट कुठाय?”

“फेकली.”

“रोझेर, तू आईच्या सुपाच्या पळीचा मोडका दांडा ठेवलायस. वर बघितला मी.”

त्याने खोके काढले. मी तिच्या हातात गेले. तिने मला उजेडात धरून घडी पाहिली.

“त्या खेळाच्या शेवटी तुझा शेवट आहे,” ती म्हणाली. “चर्चमधला. मी ऐकून ऐकून आकड्यांत लिहिला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं.”

रोझेर खुर्चीवर बसला. “पुन्हा सांग. मला नीट ऐकू आलं नाही.”

ऐकू आले होते. तिने तरी पुन्हा सांगितले.

मी एकदाच वाजू शकेन, हे तिने ओळखले. तिने मला नव्या यंत्रात हलक्या हाताने बसवले आणि माझा आवाज तिच्या संगणकात उतरवून घेतला. मी पुढे सरकत होते आणि मागे तपकिरी भुकटी उरत होती. बर्फाचे थंड सूर गेले, तडकणारा ताल गेला, किंकाळी आली, घडी आली. आणि किंकाळी संपल्यावर, जिथे रोझेर त्या दिवशी पोचलाच नव्हता, तिथे शेवटचा दीर्घ नाद होता. तेवढा वाचला होता. खेळ त्याच्या आधीच संपला होता. रोझेरने डावा कान यंत्राला टेकवला आणि चर्च रिकामे होईपर्यंत तो तसाच राहिला.

गिलेनने पडद्यावर माझ्या लहरी मांडल्या. रुंद लहर, अरुंद लहर, त्यांतून आकडे, आकड्यांतून सूर. घडी पडली होती तिथे लहर सपाट होती.

“सोल, ला, दो,” ती वाचत होती. तिकडे सा रे ग च्या जागी असेच म्हणतात. “मग सहा सूर गेले. मग तुझा शेवटचा नाद. मधले सहा तू सांग.”

“चाळीस वर्षांपूर्वीचे?”

“तुझेच आहेत.”

त्याने गुणगुणून पाहिले. “नाही. हे नाही.” पुन्हा पाहिले. “हे तर कुठलं तरी दुसरंच.” तो चिडला, उठला, परत बसला. मग गिलेन म्हणाली, “तुला कुठे माहीत होतं तेव्हा तरी? हातांना विचार.”

रोझेरने डोळे मिटले आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. पाय खाली अंधारात ऑर्गनच्या पायपट्ट्या शोधू लागले.

“वाचत राहा,” तो म्हणाला. “हळू. प्रवचन नको.”

“सोल. ला. दो.”

बोटे हलली. टेबलातून आवाज निघत नव्हता. गिलेन त्याच्या बोटांकडे बघत होती आणि न बघता टाइप करत होती. सहाही सूर आले.

दुरुस्त झालेला खेळ तिने सुरू केला. “शेवट सरळ ऐकवते. एक बटण दाबलं की झालं.”

“अजिबात नाही. रेकॉर्डची सुई उचलून शेवटावर ठेवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत काय आहे, ते माझ्या पानावर वाच.”

“वाचलंय. मी तेच करायचे.”

“मी चालत जाणार.”

“तुझी शपथ?”

“डब्याची होती. हा डबा वेगळा.”

तो पाण्यात पडला. पुन्हा पडला. बर्फाचे तुकडे त्याच्या पायाखालून निसटत होते आणि तो संगणकाला, माशांना, खाडीला शिव्या देत होता. गिलेन दोन-तीन दिवसांसाठी आली होती, ती राहिली. तो पडतच राहिला. मग एका सकाळी त्याने पडद्याकडे बघायचे सोडून दिले आणि गुडघ्यावर हात मारू लागला. एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन.

“अगं, हे सातात आहे!”

“मग? मला सात मोजता येतात, हे किती वेळा सांगू?”

तो काठावर पोचला. चर्चचे दार उघडले आणि तीन आवाज वर चढू लागले. गिलेन त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. रोझेर मान तिरकी करून ऐकत होता. हळूहळू त्याच्या कपाळावर आठी आली.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण वरचा सूर लिहायला विसरलीस तू. जो सुटतो तो.”

वरचा सूर वाजत होता. मला ऐकू येत होता. गिलेनला ऐकू येत होता. तिने एकदा डोळे पुसले, कळफलक जवळ ओढला आणि वरच्या सुराचे आकडे शोधून काढले. कंपने अर्धी केली की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. तोच राहतो, फक्त जवळ येतो. तिने एकेक आकडा अर्धा केला.

“आता ऐक.”

रोझेरने ऐकले. सूर जिथे सुटतो तिथे त्याचा हात टेबलावरून आपोआप वर उचलला गेला आणि तसाच राहिला.

“मी एवढं चांगलं वाजवलं होतं?”

“नाही. मी थोडं सुधारलंय.”

दोघे हसले. मग त्याने पेचकस घेतला, मला उलटे धरले आणि माझ्या पाठीवरच्या दोन्ही जिभा मोडल्या.

“आता कशाला?” गिलेनने विचारले. “आता हिच्यावर उरलंय काय?”

“उरलंय ते.”

डावा कान त्याच हिवाळ्यात गेला. त्याने मॉन्ट्रियलचा फोन उचलणे बंद केले, म्हणून गिलेन आता त्याच्या पानावर लिहिते. नाव लावून लिहिते आणि अजूनही चुकाच काढते. व्हिडिओ गेमबद्दलचे मत त्याने बदलले नाही. फक्त पुढे “एक सोडून” असे दोन शब्द जोडले.

मी फळीवर आहे. पुन्हा वाजणार नाही, आणि वाजावे असा माझा हट्टही नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी पडलेले असेल. त्याला थंडीत, ओलीत टाकू नका. जपायचे असेल तर जीभ वेळेवर मोडा, पुढे काही सुचेल म्हणून ठेवू नका. आणि मित्रांनो, कुणी तुमच्या आवडत्या गाण्यावर कर्कश काही ओतले असे वाटले, तर मला ओढून काढण्याआधी एवढेच विचारा, की हे कोणत्या यंत्रावर लावायचे आहे. ज्याने ते लिहिले तो बहुधा दाराशीच उभा असतो.